चवळी-भात, आठ खुर्च्या आणि तीन प्रश्न: अमेरिकेतल्या वांशिक न्यायाच्या जेवणांचं परीक्षण

जानेवारीतला तिसरा सोमवार, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी, आणि १९ जूनचा जूनटीन्थ, म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी संपल्याचा सण. या दोन दिवसांच्या आगेमागे अमेरिकेतल्या मराठी घरांत एक ठरावीक आमंत्रण येऊन पडतं. चर्चचा हॉल, गावची लायब्ररी नाहीतर शाळेचं कॅफेटेरिया. संध्याकाळी सहा ते साडेआठ. जेवण आणि वांशिक न्यायावर गप्पा. कुठे तिकीट असतं, कुठे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. मग मंडळाच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते: जायचं का? आपणच भरवायचं का? आणि भरवायचं तर कुणाच्या पद्धतीने?

हे परीक्षण त्या तिन्ही प्रश्नांसाठी. आमचं मत आधीच सांगून टाकतो. वक्ता कितीही नामांकित आणा, या जेवणाचं निम्मं यश टेबलाच्या मापात, वाढपाच्या पद्धतीत आणि कोण कुणाशेजारी बसलंय यात असतं. उरलेलं निम्मं जेवण संपल्यानंतरच्या आठवड्यात ठरतं, आणि तिथे जवळपास सगळेच प्रकार कमी पडतात.

मुळात जेवणच का, व्याख्यान का नाही? कारण अमेरिकेतला वंशभेद जेवणाच्या टेबलावर अक्षरशः बसवलेला होता. अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये ऑलीज बार्बेक्यू नावाचं २२० खुर्च्यांचं हॉटेल होतं. ३६ नोकरांपैकी दोन तृतीयांश कृष्णवर्णीय, पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसायची बंदी. पैसे द्या, पार्सल घ्या, निघा. १९६४चा नागरी हक्क कायदा आला तेव्हा मालक कोर्टात गेला आणि १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयात एकमताने हरला. निकालाचा आधार मोठा गमतीचा आहे: वर्षभरात घेतलेल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या मालापैकी ६९,६८३ डॉलरचं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं, म्हणजे हा आंतरराज्य व्यापार, म्हणजे केंद्राचा कायदा लागू. एका माणसाला खुर्ची मिळावी म्हणून मांसाच्या पावत्या मोजाव्या लागल्या. स्वयंपाक त्यांच्या हातचा चालतो, शेजारी बसून जेवलेलं चालत नाही, हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

उलट बाजूही तितकीच जुनी. न्यू ऑर्लीन्समध्ये १९४१ सालापासून चालत आलेल्या डूकी चेज या हॉटेलात लिया चेज यांनी साठच्या दशकात माडीवरच्या खोलीत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना एकत्र बसवून गंबो हा दाट रस्सा वाढला, तेव्हा ते बेकायदा होतं. ४ एप्रिल १९६९ रोजी, किंग यांच्या हत्येला वर्ष झालं त्या दिवशी, वॉशिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय चर्चच्या तळघरात आर्थर वास्कोव यांनी ‘फ्रीडम सेडर’ भरवला. ज्यूंच्या वल्हांडणाचं जेवण, पण पोथीत गुलामीविरुद्धच्या अमेरिकन लढ्याचे उतारे घातलेले. सुमारे ८०० माणसं. आजच्या सगळ्या प्रकारांनी या सेडरकडून एक गोष्ट उचलायला हवी होती आणि बहुतेकांनी उचलली नाही. सेडरमध्ये प्रश्न जेवणातच विणलेला असतो. ताटातल्या प्रत्येक वस्तूला कारण असतं आणि ते कारण घरातल्या सगळ्यांत लहान मुलाने विचारायचं असतं. भाषण वेगळं आणि जेवण वेगळं अशी फाळणीच तिथे नाही.

आता आजचे प्रकार बघू.

सर्वांत गाजलेला म्हणजे ‘रेस टू डिनर’. डेन्व्हरच्या रेजिना जॅक्सन आणि भारतीय वंशाच्या सायरा राव यांनी तो २०१९मध्ये सुरू केला. आठेक गोऱ्या बायका, त्यांतली एक यजमान, तिच्या घरी जेवण, आणि समोर या दोघी. २०२०च्या सुरुवातीला एका जेवणाचा दर २,५०० डॉलरपर्यंत होता. रडू आलं तर टेबलावरून उठून बाहेर जायचं हा नियम. कारण गोरी बाई रडायला लागली की सगळं टेबल तिची समजूत काढण्यात गुंततं आणि मूळ विषय तिथेच मरतो. पैसे देऊन बोलणी खायची, अशी टिंगल या प्रकाराची पुष्कळ झाली. आम्हाला त्यातल्या दोन गोष्टी पटतात. एक, रोखठोक दर. कृष्णवर्णीय माणसाने आपले अनुभव फुकट, वर हसतमुखाने सांगावेत ही अपेक्षा इथे पहिल्याच ईमेलमध्ये निकालात निघते. दुसरा तो रडण्याचा नियम. कठोर वाटतो, पण ज्याने असं टेबल सांभाळलं आहे त्याला त्याची किंमत कळते. उणीव अशी की ही एका रात्रीची शस्त्रक्रिया आहे. टाके काढायला कुणी येत नाही. आणि पाहुण्या म्हणून गोऱ्या बायकाच अपेक्षित असल्यामुळे मराठी मंडळाच्या कामाचा हा साचा नाही. नियम मात्र जरूर उसने घ्या.

दुसरा ‘द पीपल्स सपर’. २०१६च्या निवडणुकीनंतर, २०१७च्या जानेवारीत, ‘शंभर दिवस, शंभर जेवणं’ अशा घोषणेने तो सुरू झाला. मार्गदर्शक पुस्तिका मोफत मिळते, घरी जेवण घाला, बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. त्यांच्याकडे दोन प्रकारची जेवणं आहेत: भिन्न गटांना एकत्र आणणारी, आणि एकाच गटातल्या, एकाच प्रकारे दुखावलेल्या माणसांसाठीची. ही वाटणी फार शहाणपणाची आहे आणि नवखे आयोजक नेमकी तिथेच चूक करतात. गेल्या महिन्यात गावात काही वाईट घडलं असेल, तर कृष्णवर्णीय कुटुंबांना गोऱ्या शेजाऱ्यांसमोर बसवून ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारणं हा संवाद नाही, पंचनामा आहे. आधी त्यांचं त्यांचं जेवण होऊ द्या. चाळीस माणसांच्या मंडळासाठी आमची पसंती या साच्याला. त्याची कमतरता एवढीच की माणसं आपापलं मन मोकळं करून तृप्त होऊन घरी जातात आणि गावात कुठल्या वस्तीची मुलं कुठल्या शाळेत जाणार ते ठरवणारी हद्द जिथे होती तिथेच राहते. तीवरचा उपाय खाली येतोच.

तिसरा प्रकार जेवणापेक्षा सापळा जास्त. नायजेरियन आचारी तुंडे वे यांनी २०१८मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या एका फूड कोर्टात स्टॉल लावला. ताटाची किंमत १२ डॉलर. गोरं गिऱ्हाईक आलं की त्याला शहरातल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या उत्पन्नातली दरी सांगायची आणि विचारायचं: १२ देता की ३०? ३० म्हणजे अडीच पट, त्या दरीच्याच मापाने. वरची रक्कम कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांत वाटायची. दहातल्या सुमारे आठ गोऱ्यांनी ३० मोजले. उलट पैसे घ्यायला पात्र असलेल्या बहुतेकांनी ते नाकारले. तोंडासमोर आचारी उभा असताना १२च देतो म्हणणं सोपं नसतं, हे उघड आहे, आणि वे यांच्या प्रयोगाचा तोच तर मुद्दा होता. मंडळाने याची नक्कल करू नये. वंश पाहून दर लावायला गेलात तर १९६४च्या त्याच कायद्याशी गाठ पडेल. पण सर्वांसाठी खुले असे तीन दर ठेवून, कोणता द्यायचा ते ज्याने त्याने ठरवायचं, आणि जास्तीचे पैसे कुठे जाणार ते तिकिटावर छापायचं, एवढं सहज जमतं. १९५५-५६च्या वंशभेदाविरुद्धच्या माँटगोमेरी बस बहिष्कारात जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या सोबतिणींनी सँडविच, केक आणि पाय विकून ३८१ दिवस चाललेल्या बहिष्कारात बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या गाड्यांना पैसा पुरवला. ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’ हे नाव ठेवलं, म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही. जेवणातून पैसा आणि पैशातून चळवळ, हा रस्ता त्या स्वयंपाकघरांनी आधीच घालून दिलेला आहे.

आता टेबल. चर्चच्या हॉलमध्ये बहुधा सहा फुटी घडीची लांब टेबलं असतात. त्यावर आठ जण बसवले की दोन टोकांना दोन वेगळी संभाषणं सुरू होतात आणि मधले चौघं टेनिसची मॅच बघितल्यासारखे माना वळवतात. गोल टेबल मागवा, ६० इंची. त्यावर आठ जण नीट बसतात. ७२ इंचीवर दहा बसतात म्हणून भाड्याचे पैसे वाचवायचा मोह होईल, करू नका. सहा फुटांपलीकडचा माणूस चाळीस जणांच्या गलक्यात ऐकू येत नाही, मग लोक मोठ्याने बोलतात, आणि या विषयावर मोठ्याने बोललेलं वाक्य भांडणासारखंच वाटतं. हॉलची जमीन टाइल्सची असेल तर कापडी टेबलक्लॉथ घाला, प्लास्टिकचे नकोत. भाषणाचा माइक सुरुवातीच्या पाच मिनिटांनंतर बंद.

वाढप बुफेने करू नका. अनुभवी आयोजकसुद्धा इथे घसरतात. चाळीस माणसांची रांग सरायला पाऊण तास जातो, टेबलं तुकड्यातुकड्यांनी भरतात, आणि पहिला प्रश्न सुरू होईपर्यंत निम्म्यांचं जेवण झालेलं असतं. त्यापेक्षा प्रत्येक टेबलावर तीन मोठी भांडी ठेवा आणि हातोहात फिरवू द्या. पंगत म्हणा हवं तर. शेजाऱ्याच्या ताटात भात वाढायचा म्हणजे त्याला विचारावं लागतं, किती वाढू? पहिलं वाक्य तिथे बोललं जातं, आणि ते अवघड विषयावरचं नसतं.

वेळेचा हिशोब कागदावर करा. आठ माणसं, प्रत्येकी तीन मिनिटं, एक प्रश्न म्हणजे २४ मिनिटं. दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येकी चार, म्हणजे ३२. मग २० मिनिटं मोकळी चर्चा आणि १० मिनिटं समारोप, तिसरा प्रश्न त्यातच. झाली ८६ मिनिटं. बसायला, वाढायला, गोडाला पाऊण तास धरला की सव्वादोन तास संपले. म्हणजे अडीच तासांच्या कार्यक्रमात तीन प्रश्न बसतात, चौथा नाही. पुस्तिकांमध्ये दहा-बारा प्रश्न दिलेले असतात ते निवडीसाठी, सगळे उरकण्यासाठी नव्हेत. टेबलावर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवा. फोनचा टायमर वाजला की माणूस दचकतो. वाळू सरली की स्वतःच थांबतो.

प्रश्नांचा क्रमही महत्त्वाचा. पहिला प्रश्न मताचा नको, आठवणीचा हवा: तुमचा वंश किंवा रंग लोकांच्या लक्षात येतो, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? याला प्रत्येकाकडे उत्तर असतं, गोऱ्या माणसाकडेसुद्धा. बऱ्याचदा त्याचं उत्तर असतं की कॉलेजपर्यंत कळलंच नाही, आणि ते उत्तर टेबलावर पडणं गरजेचं आहे. दुसरा प्रश्न गावाचा. तिसरा पुढच्या महिन्याचा. ‘वंशभेद अजून आहे असं तुम्हाला वाटतं का?’ हा प्रश्न मात्र कुठेच नको. त्याने टेबल दोन बाकांत विभागतं आणि वादविवाद स्पर्धा सुरू होते.

गावाच्या प्रश्नासाठी एक साधन फुकट उपलब्ध आहे आणि आम्हाला ते वक्त्यापेक्षा उपयोगी वाटतं. १९३०च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने २००हून अधिक शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा सर्वांत चांगला, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीय वस्ती असली की लाल रंग जवळपास ठरलेला. रिचमंड विद्यापीठाच्या ‘मॅपिंग इनइक्वॅलिटी’ या संकेतस्थळावर हे नकाशे वस्तीवार शेऱ्यांसकट बघता येतात. आपल्या शहराचा नकाशा ११ बाय १७ इंचाच्या कागदावर रंगीत छापा आणि ताटाखाली मॅटसारखा ठेवा. लोक आपोआप आपलं घर शोधायला लागतात. मग मुलांची शाळा. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की हायवे बरोबर लाल पट्ट्यातून गेला आहे. छपाईत एकच काळजी: काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये लाल आणि निळा सारखेच करडे दिसतात आणि सगळा खटाटोप वाया जातो.

माणसं कशी बसवायची? नवरा-बायको वेगळ्या टेबलांवर, हे उघड. कमी जणांना सुचतं ते असं: चाळीस पाहुण्यांत कृष्णवर्णीय सहा असतील तर पाच टेबलांवर एकेक वाटून टाकू नका. एकटा पडलेला माणूस पाहुणा राहत नाही, साक्षीदार होतो. प्रत्येक वाक्यानंतर सात माना त्याच्याकडे वळतात. दोघा-दोघांना, शक्यतो तिघांना एका टेबलावर बसवा, आणि दोन-तीन टेबलं तशीच राहिली तर राहू द्या. ज्या टेबलावर कुणीच नाही, तिथे गोऱ्यांना आणि आपल्याला आपापसांत बोलायची वेळ येते, आणि ती टेबलं पुष्कळदा जास्त प्रामाणिक निघतात. नावाच्या चिठ्ठीवर फक्त पहिलं नाव लिहा. हुद्दा, कंपनी, काही नको.

आणि बोलावणं कुणाबरोबर करायचं, हेही आधीच ठरवा. मंडळाने सगळं ठरवून झाल्यावर गावातल्या कृष्णवर्णीय चर्चला ‘तुमची चार माणसं पाठवा’ असा निरोप धाडणं म्हणजे सजावट मागवणं. दोन महिने आधी भेटा, तारीख त्यांच्याबरोबर ठरवा, त्यांच्याकडच्या संवादकाला मानधन द्या आणि ती रक्कम बजेटात जेवणाच्या वरच्या ओळीत लिहा.

आता ताट. इथे मराठी यजमानाकडे असं काही आहे जे बाकीच्यांकडे नाही. भेंडी आफ्रिकेची. चवळी आफ्रिकेची. ‘गंबो’ हे नावच मध्य आफ्रिकेतल्या बंटू भाषांमधल्या भेंडीच्या शब्दावरून आलं. साउथ कॅरोलायनातली भातशेती पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या, भात पिकवायचं ज्ञान असलेल्या लोकांच्या श्रमावर उभी राहिली. तेव्हा ‘हॉपिन जॉन’, म्हणजे चवळी-भात, हा मुख्य पदार्थ ठेवा आणि शेजारी भेंडी-टोमॅटो. दोन्ही गोष्टी आपल्या डब्यात लहानपणापासून आहेत, फक्त त्या कुठून आल्या हे कुणी सांगितलं नव्हतं. सेडरच्या पद्धतीने हे टेबलावरच्या सगळ्यांत लहान माणसाला विचारू द्या.

चाळीस जणांना कोरडी चवळी २ किलो, लांब तांदूळ ३ किलो, कोलार्डची (कोबीच्या जातीची पालेभाजी) पानं ७ किलो. कोलार्डचा आकडा वाचून घाबरू नका. जाड देठ काढून आणि शिजून ती मेथीसारखी बसते. चवळी चार तास भिजवा आणि उघड्या पातेल्यात शिजवा. कुकरमध्ये एक शिट्टी जास्त झाली की उसळीचं पिठलं होतं आणि मग भात मोकळा राहत नाही. कांदा, सेलेरी, हिरवी ढोबळी मिरची बारीक चिरून तेलावर मऊ होईपर्यंत परता, तमालपत्र, थाइम, लसूण, थोडी केयेन मिरचीपूड. मूळ पदार्थात धुराची चव डुकराच्या खारवलेल्या मांसाने येते. शाकाहारी पातेल्यात तीन मोठे चमचे स्मोक्ड पॅप्रिका घाला. चव बरीच जवळ जाते, पण तीच आहे असं सांगू नका. दोन पातेली करणार असाल तर दोन डाव, दोन लेबलं. कोलार्डची भाजी ‘पालेभाजी आहे, शाकाहारीच असणार’ असं धरून आपली माणसं बिनधास्त वाढून घेतात; तिच्यात बहुधा टर्कीचं नाहीतर डुकराचं हाड असतं. विचारा. मक्याचा पाव नऊ बाय तेरा इंचाच्या दोन ट्रेंत ४८ तुकडे निघतात, पण तिसरा ट्रे कराच, उरत नाही.

कुणी पॉटलकला स्लो कुकरमध्ये राजमा आणतो म्हणालं तर त्याला एक गोष्ट ठासून सांगा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन स्लो कुकरच्या मंद आचेवर मरत नाही. पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायचा, आणि मगच स्लो कुकर. नाहीतर वांशिक न्यायाची चर्चा स्वच्छतागृहाच्या रांगेत होईल. भाताचंही तेच: ६० अंश सेल्सियसच्या वर गरम राहायला हवा, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. गरम ठेवायच्या ट्रेखाली सुरुवातीलाच उकळतं पाणी ओता, थंड पाणी घालून त्या इवल्याशा ज्योतीच्या भरवशावर बसू नका. त्या जळणाचे डबे दोन तासांचे आणि सहा तासांचे असे मिळतात. स्वस्त म्हणून दोन तासांचे घेतलेत तर दुसऱ्या वाढीच्या आधी विझतात.

कलिंगड आणि फ्राइड चिकन हे दोन पदार्थ मात्र मेन्यूत नकोत, निदान तुम्ही यजमान असताना तरी नकोत. गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी कलिंगडं पिकवून विकली, स्वतःच्या पायावर उभे राहिले. त्याचाच राग काढायला गोऱ्यांनी कलिंगड खाणाऱ्या कृष्णवर्णीयांची विद्रूप चित्रं पिढ्यान्‌पिढ्या छापली. कृष्णवर्णीय कुटुंब स्वतःच्या जूनटीन्थला लाल सरबत आणि कलिंगड आनंदाने मांडतं, तो त्यांचा सण. कंपन्यांनी, शाळांनी हाच बेत ‘ब्लॅक हिस्टरी’च्या महिन्यात मांडून जाहीर माफ्या मागितल्या आहेत. पदार्थ एकच, वाढणारा हात बदलला की अर्थ बदलतो.

आपल्या पाहुण्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण मराठी माणूस या टेबलावर दोन ठरावीक चुका करतो. पहिली: आम्ही कष्टाने वर आलो, मग यांना काय अडचण आहे? याचं उत्तर तारखांत आहे. १९२३मध्ये नागरिकत्व मागणाऱ्या भारतीय स्थलांतरित भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना ‘गोरे’ मानायला नकार दिला आणि नागरिकत्वाची दारं बंद झाली. १९४६च्या कायद्याने ती उघडली, पण देशात यायचं दार वर्षाला शंभर जणांपुरतंच किलकिलं झालं. ते १९६५च्या स्थलांतर कायद्याने उघडलं, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या लाटेवरच मंजूर झाला. सत्तरच्या दशकात आलेले आपले इंजिनियर काका ज्या दारातून आत शिरले, ते दार कुणी ढकलून ठेवलं होतं, हे चिठ्ठीवर छापून टेबलावर ठेवा.

दुसरी चूक जास्त अवघड. वंशभेदाचा विषय निघाला की ‘आमच्याकडे पण जात होती’ असं म्हणून, आणि त्या ‘होती’वर जोर देऊन, माणूस पीडितांच्या बाकावर जाऊन बसतो. थिंड यांच्याच खटल्याचे कागद इथे कामाला येतात. त्यांच्या बाजूने असा युक्तिवाद झाला होता की उच्चवर्णीय हिंदू लग्नसंबंधाच्या बाबतीत भारतातल्या मूलनिवासींकडे त्याच नजरेने बघतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. सबब आम्ही गोरे. बेटीव्यवहार नाकारणं हा गोरेपणाचा पुरावा म्हणून मांडला गेला. हा उतारा वाचल्यावर टेबलावर शांतता पसरते. ती घालवायची घाई करू नका. फेब्रुवारी २०२३मध्ये सिॲटलने जातीभेदाला बंदी घातली, तेव्हापासून ‘तुमच्याकडच्या जातीचं काय?’ हा प्रश्न अमेरिकन पाहुणेही विचारतात. तयारी न करता गेलेला यजमान तिथे गडबडतो.

उलट, अभिमानाने सांगण्यासारखंही आपल्याकडे बरंच आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली, आणि डू बॉइस यांचं उत्तरही आलं. १९७२च्या दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथर्सवरून. हे तीन कागद हॉलच्या दाराशी लावले तर परके पाहुणेही थांबून वाचतात. फक्त ते दाराशीच असू द्यात. टेबलावर आणलेत की कार्यक्रम महाराष्ट्र दिनाचा होतो.

सहभोजनाची परीक्षाही आपल्याकडे आधीच होऊन गेली आहे. समाजसुधारक अनंत हरी गद्र्यांनी ‘झुणका-भाकर सत्यनारायण’ घातले, दलित दांपत्याला पूजेचा मान दिला. त्यांचा बेतही विचार करून निवडलेला, कुणालाही परवडेल असा. पण लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या, न झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या सहभोजनाने जात मेली नाही आणि मरणार नाही. अमेरिकेतल्या या सगळ्या जेवणांना आम्ही तोच निकष लावतो. ‘रेस टू डिनर’ माणसाला हलवतं आणि सोडून देतं. ‘पीपल्स सपर’ ओळख करून देतं आणि तिथे थांबतं. तुंडे वे यांचा स्टॉल खिशापर्यंत पोचतो, पण एका ताटापुरता.

म्हणून ती शेवटची १० मिनिटं. आभाराचं भाषण करू नका, गाणं म्हणू नका. प्रत्येक टेबलावर एक कोरं पोस्टकार्ड ठेवा आणि नकाशाच्या प्रश्नातून निघालेली एकच, गावातली, तारीख असलेली गोष्ट लिहायला सांगा: शाळा मंडळाची हद्दीवरची बैठक, घराच्या जुन्या खरेदीखतात वांशिक अट आहे का ते काउंटीच्या दप्तरात तपासणं (१९४८पासून कोर्टाने अशा अटींची अंमलबजावणी थांबवली, तरी कागदावर त्या अजून सापडतात), लायब्ररीचं पुढचं सत्र. कार्डावर दोन नावं लिहा, त्यांतलं एक मराठी असेल असं बघा. फोटो काढून दोन दिवसांच्या आत सगळ्यांना पाठवा. आठवडा गेला की उत्तर येत नाही. पुढचं जेवण तुमच्या हॉलमध्ये नको, त्यांच्याकडे. बोलावलं तर.

भांड्यांचं तेवढं राहिलं. कृष्णवर्णीय चर्चच्या हॉलमध्ये जेवून, तिथल्याच मावशींना सिंकपाशी उभं करून पाहुणे ‘छान झालं हं’ म्हणत गाड्यांकडे निघाले, की संध्याकाळभर जे बोललात त्याचं उत्तर तिथेच मिळतं. साइन-अप शीटवर ‘पदार्थ’ हा रकाना पाच मिनिटांत भरतो आणि ‘भांडी’ हा शेवटपर्यंत रिकामा राहतो. तो वर छापा, आणि पहिली चार नावं मंडळाच्या कार्यकारिणीची घाला.